संशयवाद्याने आरतीला उभं राहावं का?

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका वाचकांचं लांबलचक पत्र आलं आहे. वय 62, पाटबंधारे खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त. घरात नवरा-बायको दोघंच, मुलगा परदेशात. निवृत्तीनंतर वाचनाचा नाद लागला आणि त्यातून ग्रीक तत्त्वज्ञानाशी गाठ पडली. ते लिहितात : 'आयुष्यभर काटकसर केली. एपिक्युरस वाचल्यावर ठरवलं की आता सुखाने जगायचं. पण जमत नाही. लग्नाच्या पस्तिसाव्या वाढदिवसाला आम्ही दोघं हॉटेलात गेलो, तर मेनू कार्डावर पदार्थाचं नाव वाचायच्या आधी माझी नजर उजवीकडच्या आकड्यावर गेली. दोन थाळ्या सांगून मोकळा झालो. मुलाने ग्रीसची सहल ठरवली, ती खर्चाकडे बघून मीच रद्द करायला लावली. दुसरीकडे पिऱ्हो आणि त्याच्या मागचे संशयवादी वाचले आणि देवावरचा विश्वास गेला. खोटं वागणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून संध्याकाळच्या आरतीला उभं राहणं सोडलं. गणपतीत प्राणप्रतिष्ठेलाही बसलो नाही. सकाळी ऐनवेळी पुतण्याला बोलवावं लागलं. बायको भांडली नाही. पण तेव्हापासून कामापुरतंच बोलते. मला सांगा, सुखवादी व्हावं की संशयवादी? दोन्ही एकदम होता येतं का? की या वयात हे नादच नकोत?'

नमस्कार.

वयाचा प्रश्न आधी निकालात काढू. एपिक्युरसने मेनोइकियस नावाच्या शिष्याला लिहिलेलं पत्र आज उपलब्ध आहे. त्याची सुरुवातच अशी आहे की तरुणाने तत्त्वज्ञान पुढे ढकलू नये आणि म्हाताऱ्याने त्याचा कंटाळा करू नये. तेव्हा नाद सोडू नका. मात्र तुम्ही जे वाचलंत आणि त्यावरून जे ठरवलंत, त्या दोहोंत मला बरंच अंतर दिसतं. घरातला अबोला जास्त दुखत असणार, म्हणून संशयापासून सुरुवात करतो.

'संशयवादी झालो आणि देवावरचा विश्वास गेला' असं तुम्ही सहज लिहून गेलात. संशयवाद्यांचा सगळ्यात मोठा लेखक सेक्स्टस एम्पिरिकस. पेशाने वैद्य. त्याच्या ग्रंथाच्या आरंभीच तो शोध घेणाऱ्यांचे तीन गट पाडतो : सत्य सापडलं म्हणणारे, ते सापडणं शक्यच नाही म्हणणारे आणि अजून शोधत असणारे. संशयवादी हा फक्त तिसरा गट. 'देव आहे' म्हणणारा आणि 'देव नाही' म्हणणारा, दोघेही त्याच्या लेखी पहिल्या गटातले, कारण दोघांनाही उत्तर मिळालेलं आहे. म्हणजे तुम्ही एका खात्रीतून निघून दुसऱ्या खात्रीत दाखल झालात. त्यात गैर काही नाही, नास्तिक असणं हीही एक भूमिका आहे. फक्त तिचं बिल पिऱ्होच्या नावावर फाडू नका.

आता हा पिऱ्हो वागायचा कसा ते बघा. पेलोपोनीजच्या, म्हणजे ग्रीसच्या दक्षिणेकडच्या द्वीपकल्पाच्या, पश्चिम भागात एलिस नावाचं शहर होतं, तिथला हा माणूस. ॲनॅक्सार्कस या गुरूबरोबर अलेक्झांडरच्या सैन्यामागून थेट हिंदुस्थानापर्यंत आला, इथल्या नग्न साधूंना भेटला, परत गेला. स्वतः एक ओळ लिहिली नाही. त्याच्या आठवणी सांगणारा डायोजिनीझ लेअर्शियस पाचेकशे वर्षांनंतरचा, शिवाय त्याला चुटके फार आवडायचे. तेव्हा सगळंच अक्षरशः घेऊ नका. पण तो जे सांगतो त्यातली एक गोष्ट तुमच्यासाठी फार मोलाची आहे. एलिसच्या लोकांनी या संशयवाद्याला चक्क आपला मुख्य पुजारी केलं, आणि त्याच्यामुळे शहरातल्या सगळ्या तत्त्वज्ञांचे कर माफ केले! जगात कशाचंच खरं स्वरूप ठामपणे सांगता येत नाही म्हणणारा माणूस देवळातला मुख्य पुजारी होता आणि यात त्याला किंवा गावाला काही विसंगत वाटलं नाही.

घरातलंही वर्णन आहे. तो बहिणीबरोबर राहायचा. तिचं नाव फिलिस्टा, ती सुईण होती. पिऱ्हो घर झाडायचा, कोंबड्या आणि डुकराची पिल्लं बाजारात विकायला न्यायचा, एकदा तर डुकराला अंघोळ घालताना लोकांनी त्याला पाहिलं. समोरून गाडी आली तरी तो बाजूला व्हायचा नाही, खड्डा दिसला तरी थांबायचा नाही, मित्र त्याला ओढून वाचवायचे, अशीही एक दंतकथा आहे. पण त्याच परंपरेतल्या एनेसिडेमसने ती पुढे खोडून काढली : त्याचा विचार संशयाचा होता, वागणं बेफिकिरीचं नव्हतं. माझा कौल एनेसिडेमसला. गाड्यांसमोर उभा राहणारा माणूस नव्वदीपर्यंत जगत नाही, आणि पिऱ्हो जगला म्हणतात.

मग कशाचीच खात्री नसलेल्या माणसाने वागायचं कसं? सेक्स्टस चार आधार सांगतो. निसर्गाने दिलेली इंद्रियं आणि विचारशक्ती. भूक-तहान अशी शरीराची निकड. आपल्या समाजातले कायदे आणि रीतीभाती. आणि शिकलेला हुन्नर. तिसऱ्या आधाराखाली तो देवपूजाही घालतो. पुढे देवांविषयीच्या युक्तिवादांची चिरफाड सुरू करण्याआधी तो स्पष्टच लिहितो की कुठलंही मत न धरता, चारचौघांच्या रीतीप्रमाणे आम्ही देव आहेत असं म्हणतो आणि त्यांना मान देतो. रोममध्येही हेच दिसतं. रोमन लेखक सिसेरोने इ.स.पू. 45 मध्ये देवांवर एक संवाद लिहिला. त्यात देवांविषयीचा एकेक सिद्धान्त उडवून लावणारा कोट्टा हा संशयवादी आहे आणि त्याच वेळी रोमच्या धर्माधिकाऱ्यांपैकी एक. विधी मी वाडवडिलांच्या रीतीने करतो, तुमचे पुरावे मात्र मला पटत नाहीत, असं तो सरळ सांगतो.

'हा ढोंगीपणाच झाला' असं तुम्ही म्हणाल. शक्य आहे. पण ढोंगीपणा कशाला म्हणायचं ते जरा तपासू. तुमच्या म्हणण्यामागे एक गृहीतक आहे : आरतीला उभं राहणं म्हणजे 'मी देव मानतो' असं सही-शिक्क्यानिशी लिहून देणं. हे कुणी ठरवलं? वहिनींनी तुम्हाला कधी विचारलं होतं का, की तुमचा विश्वास किती टक्के आहे? गेली पस्तीस वर्षं त्यांच्या एका हातात निरांजन आहे आणि शेजारी घंटा वाजवणारा एक माणूस आहे. त्या अर्ध्या घटकेत देवाविषयीचं मत किती आणि सोबत किती, याचा हिशेब तुम्ही एकट्याने, त्यांना न विचारता लावलात.

खरा संशयवादी इथेच थबकला असता. एखादं म्हणणं मनात पक्कं बसलं की त्याच्या विरुद्धची बाजू तितक्याच ताकदीने मांडायची, दोन्ही पारडी समसमान होतात का ते पाहायचं, ही त्यांची रोजची कसरत. त्यांच्यातल्याच कार्नीॲडीझची गोष्ट प्रसिद्ध आहे. इ.स.पू. 155 मध्ये अथेन्सचा दूत म्हणून तो रोमला गेला. एका दिवशी न्यायाच्या बाजूने असं बोलला की लोक भारावले, दुसऱ्या दिवशी त्याच न्यायाच्या विरुद्ध तितकंच जोरकस बोलला. रोमचा म्हातारा पुढारी केटो, त्याला पोरं बिघडतील अशी धास्ती वाटली आणि या पाहुण्यांना लवकर घरी पाठवा म्हणून तो मागे लागला. तुम्ही देवाच्या अस्तित्वावर संशय घेतलात, वहिनींच्या श्रद्धेवर घेतलात. 'मला खोटं वागता येत नाही' या स्वतःच्या वाक्यावर घेतला नाहीत. कालव्याच्या लेव्हल घेताना बेंचमार्कवर, म्हणजे सुरुवातीच्या खुणेवर, परत येऊन आकडे जुळवल्याशिवाय तुम्ही फील्ड बुकावर कधी सही केली नसेल. इथे मात्र जातानाची लेव्हल घेतलीत आणि परतीची घेतलीच नाहीत.

म्हणून एक करा. एका कागदावर 'मी आरतीला उभं राहू नये' याची कारणं लिहा. दुसऱ्यावर 'राहावं' याची, आणि ही लिहिताना तुम्ही वहिनींचे वकील आहात असं समजा. हातचं राखू नका. माझा अंदाज आहे की पहिल्या कागदावर तत्त्व असेल आणि दुसऱ्यावर माणसं. अंदाज चुकला तरी हरकत नाही, निदान वजन करून निर्णय झाला असेल.

माझं मत विचाराल तर आरतीला उभे राहा, घंटा वाजवा. प्राणप्रतिष्ठेचं थोडं निराळं आहे. तिथे यजमान म्हणून तुमच्या तोंडून संकल्प होतो आणि शब्द तुमचे म्हणून उच्चारले जातात. ते जड जात असेल तर न बसण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, पण तो निर्णय चतुर्थीच्या सकाळी सांगायचा नसतो. महिनाभर आधी वहिनींशी बोला, पुतण्या बसणार असेल तर त्याला तसं कळवा, आणि त्या दिवशी दुर्वा निवडायला, पाहुण्यांना प्रसाद द्यायला घरात हजर असा. वहिनींना राग विश्वास गेल्याचा आला की ऐनवेळी एकटं पाडल्याचा, हे तुम्ही विचारलेलं पत्रात तरी दिसत नाही. ते आधी विचारा.

रीत पाळण्याला मर्यादा आहे, हेही सांगून ठेवतो. पत्राखालचा तुमचा प्रश्न वाचून आणखी काहीजण आपापल्या घरातलं आठवतील. जी रीत कुणाला कमी लेखते, कुणाचं औषधपाणी तोडते, मधुमेहाच्या बाईला निर्जळी उपास करायला लावते, तिथे 'समाजाची रीत' म्हणून गप्प बसणं मला मान्य नाही. सेक्स्टस या बाबतीत फारच सबुरीचा होता आणि त्याची ही बाजू मला लंगडी वाटते. संध्याकाळची आरती यात बसत नाही, एवढंच.

आता सुखाकडे वळू. मेनू कार्डाचा तुमचा प्रसंग वाचून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. तुमची समजूत दिसते की एपिक्युरस म्हणजे 'खर्च करा, मजा करा'. त्याच्या हयातीतच विरोधकांनी त्याची अशी बदनामी केली होती. आपल्याकडे चार्वाकाला जसं कर्ज काढून तूप पिणारा करून टाकलं, तसंच. प्रत्यक्षात हा माणूस इ.स.पू. 306 च्या सुमाराला अथेन्सच्या वेशीबाहेर एक बाग घेऊन मित्रमंडळींसह राहायला लागला. बायका आणि गुलामही त्या मंडळीत होते, हे त्या काळात नवलाचं. रोजचं जेवण भाकर आणि पाणी. एका मित्राला त्याने लिहिलं की थोडं चीज पाठवून दे, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल. मेनोइकियसला तो बजावतो की सुख हेच ध्येय असं आम्ही म्हणतो तेव्हा दारूच्या बैठका आणि पंगती आमच्या मनात नसतात. शरीराला दुखणं नसणं आणि मनाला घोर नसणं, हे आमचं सुख.

मग तुम्ही तर आधीपासूनच एपिक्युरसवादी ठरता की! नाही. गंमत इथे आहे. त्याची वचनं असलेलं एक जुनं हस्तलिखित 1888 मध्ये व्हॅटिकनच्या ग्रंथालयात सापडलं. त्यातलं एक वचन सांगतं की साधेपणालाही मर्यादा असते, आणि ती न ओळखणारा माणूस उधळ्याइतकाच चुकतो. हे वचन तुमच्यासाठीच जपून राहिलं असावं. भाकर-पाणी तो खायचा ते पैसे वाचवण्यासाठी नव्हे. थोडक्यात भागतं हे एकदा अंगवळणी पडलं की उद्याची भीती जाते, म्हणून. आणि ज्याला चैनीची गरज सगळ्यात कमी, तोच ती मनापासून भोगतो, असं तो म्हणतो. तुमची काटकसर भीती घालवते की वाढवते? दोन थाळ्या सांगून तुम्ही जे काही रुपये वाचवलेत, त्याने तुमचा घोर कमी झाला का? झाला असता तर हे पत्र आलं नसतं.

सुखवाद्यांमध्ये एक दुसरी शाखाही होती, तिचं थोडं ऐका. सॉक्रेटिसचा शिष्य ॲरिस्टिपस आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या सायरीनीचा, म्हणजे आजच्या लिबियातला. त्याचं म्हणणं, जे सुख आत्ता अंगाला जाणवतंय तेच खरं. कालचं सरलं, उद्याचं आलेलं नाही. त्याने एकदा पन्नास द्राख्मा मोजून एक तितर घेतला. कुणीतरी टोकलं. त्याने विचारलं, 'एका ओबोलला मिळाला असता तर तू घेतला असतास ना?' तो हो म्हणाला. 'मग माझ्या लेखी पन्नास द्राख्मा तेवढेच.' एका द्राख्माचे सहा ओबोल, म्हणजे तीनशे पट किंमत! हा हिशेब पेन्शनवर जगणाऱ्याने गिरवू नये. पण प्रश्न झकास आहे. पुढच्या वेळी हॉटेलात स्वतःला विचारा : हीच डिश निम्म्या पैशांत असती तर घेतली असती का? उत्तर 'हो' असेल आणि खिशाला खड्डा पडणार नसेल, तर अडवतंय कोण?

करायचं काय, तर एपिक्युरसची गाळणी वापरा. काही इच्छा नैसर्गिक आणि गरजेच्या असतात, काही नैसर्गिक पण गरजेच्या नसतात, आणि काही ना नैसर्गिक ना गरजेच्या, नुसत्या लोकांच्या मतातून आलेल्या. तुमच्या मागच्या वर्षाच्या खर्चाची वही काढा. अभियंता आहात, ती असणारच. प्रत्येक खर्चापुढे यातला गट लिहा. निवृत्त लोकांच्या बाबतीत बहुतेक वेळा असं निघतं की स्वतःवरचा खर्च टाळला जातो आणि भाऊबंदांतल्या लग्नात 'आपलं बरं दिसावं' म्हणून मोठी पाकिटं जातात. तसं असेल तर कुठे हात आखडायचा आणि कुठे सोडायचा ते वहीच सांगेल. आजारपणाची आणि घरदुरुस्तीची रक्कम बाजूला काढा, तिला हात लावायचा नाही. उरलेल्या व्याजातून झेपेल तेवढी रक्कम दरवर्षी वहिनींच्या खात्यात टाका, ती फक्त दोघांच्या हौसेची. ते पासबुक भरून आणायला तुम्ही बँकेत जायचं नाही. आणि हॉटेलात कार्ड त्यांच्या हातात द्यायचं.

राहिला शेवटचा प्रश्न, दोन्ही एकदम होता येतं का. ग्रंथात बघाल तर दोघांचं हाडवैर. एपिक्युरस म्हणतो इंद्रियं खोटं सांगत नाहीत. लांबचा चौकोनी बुरूज गोल दिसतो यात डोळ्याची चूक नाही, 'तो गोलच आहे' असं घाईने ठरवणाऱ्या मनाची आहे. त्याचा शिष्य कोलोटीस संशयवाद्यांची टर उडवायचा : कशाचीच खात्री नाही ना, मग बाजाराला निघाल्यावर भिंतीतून न जाता दारातून कसे जाता? पुढे प्लुटार्क या ग्रीक लेखकाने उत्तर दिलं की दार दारासारखं दिसतं म्हणून. त्यासाठी सिद्धान्त लागत नाही.

आणि तरीही एक धागा आहे. एपिक्युरसचा शिक्षक नॉसिफेनीझ हा तरुणपणी पिऱ्होच्या सहवासात होता. तो सांगायचा की एपिक्युरसला पिऱ्होच्या वागण्याचं फार कौतुक होतं आणि त्याच्याविषयी तो वारंवार विचारायचा. दोघांनाही हवं होतं ते एकच, ढवळून न निघणारं मन. एकाने ते इच्छा गाळून शोधलं, दुसऱ्याने मतं गाळून. एपिक्युरसही शहराच्या उत्सवांत आणि पूजेत सामील व्हायचा, असं त्याच्याच परंपरेतल्या फिलोडेमसने लिहून ठेवलं आहे. म्हणजे तुमचे दोन्ही गुरू संध्याकाळी तुम्हाला देवघराकडेच पाठवतात. एपिक्युरसच्या हिशेबात तर सगळ्या सुखांत मैत्रीचा नंबर फार वरचा. मूतखड्याच्या असह्य कळा येत असताना, मरणाच्या दिवशी त्याने आयडोमेनियसला पत्र लिहिलं; त्यात तो म्हणतो की या दुखण्याविरुद्ध आपल्या जुन्या गप्पांची आठवण मी उभी केली आहे. ज्या घरात कामापुरतं बोलणं उरलंय, तिथे सुखवाद फसला आहे, ग्रीसची सहल करा की करू नका.

अशाच अडचणीत असलेल्या इतर वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. ॲरिस्टिपसच्याच शाखेत पुढे हेजेसियस नावाचा एकजण झाला. सुख मिळणं अशक्यच, असं तो इतक्या प्रभावीपणे सांगायचा की त्याची व्याख्यानं ऐकून लोक जीव देऊ लागले आणि इजिप्तच्या टॉलेमी राजाने ती बंद पाडली, असं सिसेरो सांगतो. कशातच गोडी वाटत नाही, झोप उडाली आहे, जगण्यात अर्थ नाही असं आठवडेच्या आठवडे वाटत असेल, तर ते तत्त्वज्ञान समजून ग्रंथ चाळत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, घरच्या कुणाला तरी सोबत घेऊन जा. तुमच्या पत्रात मला तसं काही दिसलं नाही, पण झोप आणि भूक ठीक आहे ना, ते बघा.

सहलीचं मुलाला पुन्हा सांगा, आणि या वेळी कार्यक्रम वहिनींबरोबर बसून ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये अजिबात जाऊ नका. अथेन्सचा पारा तेव्हा चाळिशीला जातो. 2023 आणि 2024 च्या उन्हाळ्यात अक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवायची वेळ आली होती. ऑक्टोबर बरा. एपिक्युरसची बाग आता दिसत नाही, पण डिपायलॉन वेशीचे अवशेष आहेत आणि तिथून प्लेटोच्या अकादमीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच ती होती. गुडघे ठीक असतील तर तेवढं चालत जा. पिऱ्होचं एलिस ऑलिम्पियापासून फार लांब नाही. टूरवाले तिथे नेत नाहीत, वेगळी गाडी करावी लागेल.